बारावा गडी: टेक्सास ए अँड एमच्या होम गेमला जाताना

क्रिकेटमधला बारावा गडी आपल्याला ठाऊक आहे. विकेट पडली की पाण्याच्या बाटल्या आणि कोरडे हातमोजे घेऊन धावत येतो तो. टेक्सासमधल्या कॉलेज स्टेशन या गावात मात्र बारावा गडी म्हणजे टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा अख्खा विद्यार्थिवर्ग, आणि खेळ अमेरिकन फुटबॉलचा. स्टेडियमच्या भिंतीवर ते मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, आणि तिथली मुलं ते मनापासून मानतात.

मी एमएसला गेलो तेव्हा पहिल्याच होम गेमला, म्हणजे घरच्या मैदानावरच्या सामन्याला, एक चूक केली. ‘थर्ड डाउनला, म्हणजे चेंडू पुढे नेण्याच्या तिसऱ्या प्रयत्नाला, जोरात ओरडायचं’ एवढं कुणीतरी सांगितलं होतं. आला थर्ड डाउन, ओरडलो बेंबीच्या देठापासून. पुढच्या रांगेतली मुलगी वळली. रागावली नाही. झोपणाऱ्या बाळाला थोपटावं तसा तळहात हवेत हळूहळू खाली नेला. मग लक्षात आलं की आजूबाजूची हजारो माणसं गप्प उभी आहेत, कारण चेंडू आपल्या संघाकडे होता. पाचेक मिनिटांनी चेंडू समोरच्यांकडे गेला तेव्हा तीच मुलगी पुन्हा वळली, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, ‘आता!’

त्या दिवसापासून एक गोष्ट पक्की समजली. इथे गर्दीला काम असतं, कामाची वेळ असते, आणि ते शिकून घेतलं की परक्या देशातला माणूसही दोन तासांत त्या गर्दीतला होऊन जातो. यंदा तिकडे शिकायला निघालेल्या मुलामुलींसाठी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यांना भेटायला जाणाऱ्या आईबाबांसाठी हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

तिकिटासाठी सोमवारपासून कामाला लागा

नियमित हंगामात साधारण बारा सामने असतात आणि त्यांतले सहा-सात घरच्या मैदानावर. शिक्षणाच्या फीबरोबर स्पोर्ट्‌स पास घेतला असेल तर प्रत्येक होम गेमचं तिकीट मिळतं, पण ते त्या आठवड्यात ‘खेचावं’ लागतं. याला तिकडे ‘तिकीट पुल’ म्हणतात. सोमवारी शेवटच्या वर्षाची आणि पदव्युत्तर मुलं, मंगळवारी तिसऱ्या वर्षाची, बुधवारी दुसऱ्या आणि गुरुवारी पहिल्या वर्षाची, अशी उतरंड. म्हणजे एमएस-पीएचडीवाल्यांची चैन असते. तुमचा नंबर पहिल्याच दिवशी, आणि त्या दिवशी खालच्या डेकमधल्या चांगल्या जागा शिल्लक असतात. तपशील दर हंगामात थोडे बदलतात, म्हणून ऑगस्टमध्येच विद्यापीठाच्या पानावर एकदा वाचून घ्या.

चार मित्रांना एकत्र उभं राहायचं असेल तर चौघांची तिकिटं एकत्रच काढा. वेगवेगळी काढून आत गेल्यावर जागा बदलू, हा आपल्याकडचा हिशेब तिथे चालत नाही. तिकीट मोबाइलमध्ये येतं. ते घरच्या वायफायवर असतानाच वॉलेटमध्ये साठवून ठेवा, कारण एक लाख माणसं एका जागी जमली की फाटकापाशी नेटवर्क मान टाकतं.

आईबाबा येणार असतील तर त्यांना विद्यार्थ्यांच्या बाजूला नेऊ नका. तिथे साडेतीन तास उभं राहावं लागतं. मी एकदा तो हट्ट केला आणि बाबांचे गुडघे दोन दिवस बोलत होते. त्यांच्यासाठी समोरच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या बाजूची सावलीतली तिकिटं काढा. महाग पडतात, म्हणून एखादा कमी चुरशीचा सामना निवडा. सप्टेंबरमध्ये लहान विद्यापीठांशी होणारे सामने स्वस्त असतात, आणि परंपरा सगळ्या तशाच बघायला मिळतात.

खेळ किती समजायला हवा?

फार नाही. पण एवढं आलंच पाहिजे. चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक डाउन. दहा यार्ड झाले की पुन्हा नवे चार. तीन प्रयत्नांत जमलं नाही तर चौथ्याला बहुतेक संघ चेंडू लांब लाथाडून समोरच्याला देऊन टाकतात. म्हणून तिसरा प्रयत्न, थर्ड डाउन, हाच खरा कसोटीचा क्षण. फलकावर ‘३ अँड ७’ दिसलं तर समजायचं, तिसरा प्रयत्न आहे आणि अजून सात यार्ड हवेत.

चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवला की टचडाउन, त्याचे सहा गुण, नंतरच्या किकचा एक. चेंडू खांबांमधून लाथाडला की फील्ड गोल, त्याचे तीन. पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर, पण घड्याळ सतत थांबत असल्यामुळे एकूण वेळ साडेतीन तासांच्या आसपास जातो. बाकीचे नियम शेजारचा माणूस आनंदाने सांगतो. विचारायला लाजू नका. ‘हा माझा पहिलाच सामना’ हे वाक्य तिथे मंत्रासारखं चालतं.

शुक्रवारची मध्यरात्र

बाहेरच्या माणसाचा विश्वास बसत नाही, पण होम गेमच्या आदल्या रात्री बारा वाजता हजारो लोक स्टेडियममध्ये ओरडण्याचा सराव करायला जमतात. याचं नाव मिडनाइट येल प्रॅक्टिस. तिकीट लागत नाही. गुरुवारची असाइनमेंट उरकून या, पण याच, कारण शनिवारी लागणारं सगळं इथे शिकायला मिळतं.

या विद्यापीठात पाँपाँ घेऊन नाचणाऱ्या चिअरलीडर नाहीत. त्यांच्या जागी पाच ‘येल लीडर’ असतात, तीन शेवटच्या वर्षाचे आणि दोन तिसऱ्या वर्षाचे. त्यांना विद्यार्थीच मतदान करून निवडतात, आणि त्या निवडणुकीचा प्रचार बघण्यासारखा असतो. पांढऱ्या पोशाखातले हे पाच जण हाताने खूण करतात. प्रत्येक आरोळीची खूण वेगळी. पहिल्या रांगेतले ती खूण बघून हात वर करून तशीच मागच्यांना दाखवतात, ते त्यांच्या मागच्यांना, असं करत खूण तिसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. मग सगळे एकदम.

पुण्या-नाशिकच्या ढोल पथकात वाजवलेल्यांना हे समजावून सांगायला नको. शंभर ढोल वाजत असताना मागच्या रांगेला कानाने काही कळत नाही. पुढच्या ताशेवाल्याचा हात वर गेला की नजरेने कळतं, आता ठेका बदलणार. इथेही तसंच आहे. आरोळ्यांचे शब्द पाठ नसले तरी चालतील, पण खूण मागे पोचवायला विसरू नका. तुम्ही हात वर केला नाहीत तर तुमच्या मागच्या दहा रांगा आंधळ्या होतात.

ओरडताना शरीर कसं ठेवायचं, तेही तिथे शिकवतात. कमरेतून पुढे वाका, दोन्ही तळहात गुडघ्यांवर, मान सरळ. पाठ, गळा आणि तोंड एका रेषेत येतं आणि आवाज पोटातून निघतो. पहिल्यांदा हजारो माणसं एकदम वाकलेली बघून विचित्र वाटतं. करून बघा, फरक स्वतःच्या कानाला कळतो. किंचाळू नका. किंचाळीने अर्ध्या तासात घसा बसतो, आणि उंच पट्टीतला आवाज गर्दीत विरून जातो. ‘आ’ किंवा ‘ओ’ असा भरीव, खर्जातला स्वर लावा.

शेवटी दिवे मालवतात. त्या अंधारात जोडीदाराचं चुंबन घ्यायची रीत आहे. ज्यांना जोडीदार नाही ते लायटर किंवा मोबाइलचा दिवा वर धरतात, म्हणजे अंधारात एकमेकांना शोधता यावं. आम्ही सगळे आपले दिवे धरणारे. अंधारात लुकलुकणारं ते मैदान अजून डोळ्यांसमोर आहे.

शनिवार सकाळ: कपडे, पिशवी, पाणी

रंग मरून. आपल्या कोकमासारखा. मात्र त्या दिवशी वेगळ्या रंगाचं आवाहन आहे का, ते आधी बघा. समोरच्या संघाचा रंग चुकूनही घालू नका. टेक्सास विद्यापीठाविरुद्ध सामना असेल तर केशरीच्या जवळ जाणारी कुठलीही छटा नको. २०१२ साली ए अँड एम एसईसी या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात, गेल्यावर ही जुनी लढत बंद पडली होती. २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि कटुता जिथे थांबली होती तिथूनच पुढे गेली.

पिशवी पारदर्शक हवी, १२ इंच बाय १२ इंच आणि ६ इंच जाडीच्या आतली. नाहीतर एक गॅलनची झिपवाली पिशवी. अपारदर्शक पाकीट तळहाताएवढंच चालतं. पाठीवरची लॅपटॉपची सॅक नेलीत तर फाटकावरून परत पाठवतात, आणि तुमची गाडी दोन मैलांवर असते. पाणी आत न्यायचं की नाही, किती न्यायचं, याची यादी स्टेडियमच्या पानावर असते, ती बघून निघा.

आपल्यापैकी कुणाच्या तरी मनात ताशा, झांजा न्यायचा विचार येतोच. नेऊ नका. कृत्रिम आवाज करणाऱ्या वस्तूंवर बंदी आहे. या कॉन्फरन्समध्ये घंटा वाजवण्याची मोकळीक एका मिसिसिपी स्टेटच्या मैदानावर आहे, तीसुद्धा ठरलेल्या वेळांपुरती. बाकी सगळीकडे घसा आणि टाळ्या.

ऊन गांभीर्याने घ्या. सप्टेंबरमध्ये तिकडे पारा अनेकदा पस्तिशीच्या वर जातो. विद्यार्थ्यांची बाजू पूर्वेकडे आहे, म्हणजे दुपारच्या सामन्यात मावळतीचं ऊन थेट तोंडावर. नागपूर-अकोल्याकडची मुलंही सुरुवातीला ‘हे काय ऊन!’ म्हणतात आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये खाली बसतात, कारण उन्हात उभं राहून ओरडणं वेगळं. आदल्या रात्रीपासून पाणी पीत राहा. टोपी घाला, पण राष्ट्रगीताला आणि विद्यापीठाच्या गीताला ती उतरवायची असते, विसरू नका.

रोज जिथे गाडी लावता तो लॉट गेम डेला राखीव असू शकतो. गाडी शुक्रवारीच हलवा.

टेलगेटला रिकाम्या हाताने जाऊ नका

पिकअप गाडीचं मागचं फळकूट खाली पाडून त्यावर खाणंपिणं मांडायचं, म्हणून टेलगेट. आता तंबू, टीव्ही, मोठाल्या शेगड्या असतात, आणि सकाळपासून धूर निघत असतो. २०२२ मध्ये स्टेडियमजवळ अ‍ॅगी पार्क उघडलं तेव्हापासून तिथे मोठी वर्दळ असते.

अनोळखी तंबूत कसं शिरायचं, हा आपला संकोच. उपाय सोपा आहे. ‘हाउडी’ म्हणा. या विद्यापीठाचा हा अधिकृत नमस्कारच आहे. समोरचा लगेच आपलं वर्ष सांगतो, ‘क्लास ऑफ ७८’, ‘क्लास ऑफ ०५’. तिकडे आडनावाच्या आधी वर्ष येतं. तुम्हीही तुमचं सांगा. पुढचं संभाषण आपोआप होतं.

खाण्याबद्दल एक स्पष्ट सूचना. ब्रिस्केट म्हणजे गोमांस. घेवड्याच्या उसळीसारखे दिसणारे बीन्सही अनेकदा डुकराच्या मांसात शिजवलेले असतात. चालत नसेल तर सरळ विचारा, कुणी वाईट वाटून घेत नाही. चिप्स, केसो (चीजची पातळ चटणी), ग्वाकामोली, कणसं बिनधास्त घ्या.

आम्ही एकदा भेळ नेली होती. कुरमुरे, शेव, चिंचेची चटणी, चिरलेला कांदा, सगळं वेगवेगळ्या डब्यांत. तिथेच मोठ्या पातेल्यात कालवली. शेजारच्या तंबूतले एक आजोबा, क्लास ऑफ ७१, कागदी द्रोणातली भेळ चमच्याने उचलून कानाजवळ नेत म्हणाले, ‘ही आवाज करते.’ मग त्यांनी नातवंडांना बोलावलं. पुढच्या प्रत्येक होम गेमला त्यांच्या शेगडीवर आमच्यासाठी कणसं वेगळी भाजलेली असायची. न्यायला भेळ उत्तम, कारण ती उन्हात खराब होत नाही. दही-बिही काही नको.

वाटेत मेमोरियल स्टुडंट सेंटर लागतं. युद्धात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांचं ते स्मारक आहे. आत टोपी काढायची आणि बाहेरच्या हिरवळीवर पाय ठेवायचा नाही. आपण समाधीपाशी चपला काढतो तसंच हे. घाईत त्या गवतावरून आडवं जाणारा नवखा माणूस लगेच ओळखू येतो.

आत गेल्यावर उभं का राहायचं

सामन्याच्या पाऊण तास आधी जागेवर असा. कॅडेट कोरची, म्हणजे सैनिकी शिस्तीतल्या विद्यार्थ्यांच्या दलाची, शिस्तबद्ध फौज मैदानावर येते, आणि तिच्यासोबत रेव्हिली. ही रफ कोली जातीची कुत्री विद्यापीठाची मानचिन्ह आहे आणि कोरमध्ये तिचा हुद्दा सगळ्यांत वरचा. पहिली रेव्हिली १९३१ मध्ये आली. गेलेल्या रेव्हिलींना स्टेडियमच्या उत्तर टोकाबाहेर पुरलं आहे, त्यांना धावफलक दिसत राहील अशा जागी. खेळाबद्दलचं प्रेम कुठपर्यंत जातं, हे मला त्या थडग्यांपाशी समजलं.

आता उभं राहण्याविषयी. २ जानेवारी १९२२ ला डॅलसमध्ये सेंटर कॉलेजशी सामना होता. सेंटरने त्याच हंगामात हार्वर्डला हरवलं होतं. ए अँड एमचे खेळाडू एकामागून एक जखमी होऊ लागले. ई. किंग गिल नावाचा विद्यार्थी फुटबॉल सोडून बास्केटबॉलकडे वळला होता आणि त्या दिवशी वार्ताहरांच्या कक्षात बसून खेळाडू ओळखायला मदत करत होता. प्रशिक्षक डेना बायबल यांनी त्याला खाली बोलावलं. तो गणवेश चढवून बाजूच्या रेषेवर उभा राहिला आणि सामना संपेपर्यंत उभाच होता. २२–१४ असा विजय मिळाला. गिलला मैदानात उतरावं लागलं नाही. तरीही नाव त्याचं राहिलं, कारण गरज पडली असती तर तो तयार होता.

विद्यार्थी आजही सामनाभर उभे राहतात ते याचसाठी. म्हणून ‘जरा टेकू’ म्हणून बसलात तर कुणी हाकलणार नाही, पण बसणं म्हणजे ‘मी तयार नाही’ असं सांगणं. पायांत चांगले बूट घाला. चक्कर येत असेल तर मात्र लगेच बसा आणि शेजाऱ्याला सांगा. लोक सांभाळून घेतात.

पुढे १९८३ मध्ये प्रशिक्षक जॅकी शेरिल यांनी साध्या विद्यार्थ्यांतून निवड करून किकऑफसाठी, म्हणजे चेंडू लाथाडून खेळ सुरू करण्यासाठी, आख्खी तुकडीच उभी केली. आता एक जण १२ क्रमांकाची जर्सी घालतो. किकऑफला लोक पांढरे टॉवेल गरगर फिरवतात. तोच टॉवेल पुढे घाम पुसायला आणि डोक्यावर घ्यायला कामी येतो, एक विकत घ्याच.

कधी ओरडायचं आणि कधी गप्प बसायचं

हा या लेखाचा गाभा आहे.

आपण वानखेडेवर चौकार गेल्यावर ओरडतो, किंवा वेगवान गोलंदाज धावत निघाला की आवाज चढवत नेतो. फुटबॉलमध्ये दुसरा प्रकार कामाचा. झालेल्या गोष्टीचा आनंद कुणालाही करता येतो. बाराव्या गड्याचं काम चेंडू उचलला जाण्याच्या आधीचं.

कसं ते पाहा. क्वार्टरबॅक, म्हणजे चाल खेळवणारा खेळाडू, ओरडून सूचना देतो आणि ठरलेल्या आवाजावर चेंडू मागे त्याच्याकडे येतो. समोरच्या संघाला तो आवाज ऐकू आला नाही तर त्याचे पुढच्या फळीतले आडदांड लाइनमन मुक्या खुणांवर अवलंबून राहतात. क्वार्टरबॅक पाय उचलतो किंवा एक जण शेजाऱ्याला थापटतो. त्या खुणेकडे बघण्यात समोरच्यावरची नजर ढळते आणि निमिषभर उशीर होतो. कुणी घाईने आधीच हललं तर ‘फॉल्स स्टार्ट’, पाच यार्ड मागे. ३ अँड ४ चं ३ अँड ९ होतं, आणि नऊ यार्ड काढणं फार अवघड. वेळेत चेंडू उचलला नाही तरीही पाच यार्ड.

२०२४ पासून वरच्या श्रेणीच्या कॉलेज फुटबॉलमध्ये मैदानावरच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज पोचवायला परवानगी आहे. म्हणून गर्दीचा आवाज आता निरुपयोगी झाला, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. प्रत्येक प्रयत्नाआधीच्या चाळीस सेकंदांच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो रेडिओ बंद होतो. त्यापुढे क्वार्टरबॅक आणि त्याच्या दहा साथीदारांमध्ये पुन्हा घसाच असतो, आणि तिथेच आपलं काम सुरू होतं.

म्हणून चेंडूकडे कमी आणि मैदानाच्या टोकाला लावलेल्या चाळीस सेकंदांच्या घड्याळाकडे जास्त बघा. पंचवीसला दीर्घ श्वास. विसाला वाका आणि सुरू करा. पंधराला पूर्ण आवाज, तो चेंडू हलेपर्यंत. एक लांब आवाज धरण्यापेक्षा दोन श्वासांत तोडा आणि शेजाऱ्याशी श्वास जुळू देऊ नका, म्हणजे मध्ये फट राहत नाही. हे आम्ही चौघांनी करून पाहिलं आहे. प्रत्येक डाउनला असं करायला गेलात तर हाफटाइमपर्यंत घसा संपेल. पहिल्या-दुसऱ्या डाउनला मध्यम ठेवा, जीव थर्ड डाउनसाठी राखा.

आपल्याकडे चेंडू असताना मात्र शांतता. एक लाख माणसं एकदम गप्प होतात तेव्हा मैदानावरचा क्वार्टरबॅकचा आवाज वरच्या मजल्यावर ऐकू येतो. मला तो क्षण ओरडण्याइतकाच आवडतो.

मोठ्या गर्दीचं बळ किती असू शकतं, याचं एक उदाहरण लुइझियानातलं. ८ ऑक्टोबर १९८८ ला बॅटन रूझमध्ये लुइझियाना स्टेटने ऑबर्नविरुद्ध अगदी शेवटी टचडाउन करून ७–६ असा विजय मिळवला. तेव्हाच्या जल्लोषाची नोंद विद्यापीठाच्या आवारातल्या भूकंपमापकावर झाली. तो सामना आजही ‘भूकंपाचा सामना’ म्हणून ओळखला जातो.

आणखी काही रिवाज. इथे हूटिंग करत नाहीत, ना समोरच्या संघाला, ना पंचाला. पंचाचा निर्णय चुकला तर त्यासाठीही ठरलेली आरोळी आहे. जखमी खेळाडू मैदानावर पडला असेल तर चिडीचूप, तो कुठल्याही संघाचा असो. ‘व्हूप’ ही आरोळी तिसऱ्या वर्षापासून पुढची मिरास आहे, बी.एस.ला नवीन असाल तर थांबा. आपल्या संघाने गुण मिळवले की जोडीदाराचं चुंबन घेण्याची प्रथा आहे. आईबाबांना आधी सांगून ठेवा. शेजाऱ्याला टाळी देणंही पूर्ण चालतं.

विद्यापीठाच्या युद्धगीताच्या शेवटी सगळे एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून, रांगेआड रांग उलट दिशेने, डावी-उजवीकडे डोलतात. अनोळखी खांद्यावर हात टाका, संकोच नको. वरच्या डेकवर तेव्हा पायाखालचं काँक्रीट हलल्याचं जाणवतं. पहिल्या वेळी मी कठडा घट्ट धरला होता. शेजारचा म्हणाला, ‘हलतंय म्हणजे बरोबर चाललंय.’

हाफटाइमला जागा सोडू नका

आपली सवय अशी की मध्यंतर झालं की वड्याकडे धाव. इथे बॅंड बघायचा असतो. सैनिकी शिस्तीचा, सुमारे चारशे जणांचा हा बॅंड उभ्या-आडव्या रांगांतून एकमेकांच्या आरपार जातो. दोन रांगा समोरासमोर येतात, आता धडकणार असं वाटतं, आणि बोटभर अंतराने निसटतात. आपल्या बॅंडच्या वेळी विद्यार्थी उभे असतात, नंतर बसतात. तेवढाच तुमच्या पायांना आराम. स्वच्छतागृह आणि पाण्यासाठी पहिला क्वार्टर संपतानाची वेळ बरी, हाफटाइमला रांगा संपत नाहीत.

तिसऱ्या क्वार्टरला गर्दी पातळ होते. ऊन, भूक, किंवा फलकावर मोठा फरक. वातावरण पडतं ते इथे. तुमच्या गटातल्या एकाने तरी तेव्हा खुणा मागे पोचवत राहायला हव्यात. एका रांगेने हात सोडले की मागचा सगळा भाग सुस्तावतो, हे मी वरून पाहिलं आहे.

सामना संपल्यावर

जिंकलात तर पहिल्या वर्षाचे कॅडेट येल लीडरांचा पाठलाग करून त्यांना पकडतात, उचलून आवारातल्या फिश पाँडमध्ये टाकतात, आणि ओल्या कपड्यांनिशी ते पुढची आरोळी घेतात. मागोमाग जा, फार सुंदर असतं. हरलात तर स्टँडमध्येच थांबायचं आणि पुढच्या सामन्यासाठी थोडा सराव करूनच निघायचं. हरलेल्या संध्याकाळी थांबलेली माणसं मला जास्त जवळची वाटली.

मैदानात घुसू नका. कॉन्फरन्स विद्यापीठाला लाखो डॉलरचा दंड करते, आणि चेंगराचेंगरीत माणसं जखमी होतात. गाडीकडे घाईने जाण्यात अर्थ नाही, तासभर रस्ते हलत नाहीत. आईबाबांना घेऊन टेलगेटच्या तंबूत परत जा, तिथे उरलेलं जेवण वाढायला लोक वाटच बघत असतात.

स्वतः काही घडवून आणायचं असेल तर

गर्दीचं वातावरण वरून आदेश देऊन होत नाही. १९९८ मध्ये नेब्रास्काविरुद्ध ‘सगळ्यांनी मरून रंगाचे कपडे घाला’ असं आवाहन झालं. नेब्रास्का तेव्हा देशात दुसऱ्या क्रमांकावर होतं आणि २८–२१ असं हरलं. पण शिकण्यासारखं उदाहरण २००१ चं. ११ सप्टेंबरचे हल्ले झाले मंगळवारी, आणि पुढचा होम गेम होता २२ तारखेला, ओक्लाहोमा स्टेटशी. काही विद्यार्थ्यांनी ठरवलं की वरचा डेक लाल, मधला पांढरा, खालचा निळा करायचा. हातात दीड आठवडा. पाच डॉलरला एक टी-शर्ट, सत्तर हजारांहून जास्त खपले. त्या दिवशी अख्खं स्टेडियम तीन पट्ट्यांत रंगलं, आणि जमलेला पैसा न्यूयॉर्कच्या मदतीसाठी गेला.

जमलं ते सूचना सोपी होती म्हणून. ‘तुझं तिकीट कुठल्या डेकचं? मग हा रंग.’ किंमत अशी की विचार करावा लागू नये. विक्री हातोहात, ओळखीच्या माणसाकडून. ‘शक्य असल्यास अमुक रंग घालावा’ असं नुसतं छापून दिलं असतं तर निम्मे लोक विसरले असते. मित्रमंडळाची गणपतीची वर्गणी गोळा केलेल्यांना हे तंत्र अंगवळणी असतं. दारात माणूस उभा राहिला की काम होतं.

आवाजाशिवायही गर्दीला बरंच काही करता येतं. आयोवा विद्यापीठाच्या किनिक स्टेडियमला लागून मुलांचं रुग्णालय आहे आणि त्याच्या वरच्या मजल्यावरून मैदान दिसतं. एका चाहतीने सुचवलं, आणि २०१७ पासून पहिला क्वार्टर संपला की सगळं स्टेडियम वळून खिडकीतल्या आजारी मुलांना हात हलवून दाखवतं. दोन्ही संघ, पंचसुद्धा.

तुमच्या मराठी विद्यार्थ्यांच्या गटाला सुरुवात करायची असेल तर पहिल्या वर्षी एवढंच करा. दहा नवीन मुलांना शुक्रवारी मध्यरात्री सोबत न्या, सोमवारी सगळ्यांची तिकिटं एकत्र काढा, आणि प्रत्येक नवख्याच्या शेजारी एक जुना माणूस उभा करा. तो चुकीच्या वेळी ओरडला तर रागावू नका. तळहात हळूच खाली न्या, आणि योग्य वेळ आली की वळून त्याला ‘आता!’ म्हणा.